मावशींचा गाडा
आज घास उतरला नाही. सकाळी दहालाच बसस्टँडच्या रस्त्यावर अतिक्रमण हटवायला जेसीबी आला. चहा-भज्यांच्या टपऱ्या, चपला शिवणाऱ्याचं पाल, सगळं तासाभरात साफ. भाजीवाल्या मावशींचा गाडा ट्रॅक्टरात चढवला, मेथी-चुका-शेपूसकट.

मावशी बीड जिल्ह्यातल्या. चौदा वर्षं नवऱ्यासोबत कोयता केला. लेकरं एका शाळेत टिकावीत म्हणून ऊसतोड सोडली आणि आमच्या गावात गाडा लावला. फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेतल्या 10 हजारांच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. गाडा सोडवायला मी सोबत गेलो, सोडला नाही. येताना म्हणाल्या, "सर, आता मुकादमाची उचल घ्यावी लागंल. पोरगी दहावीला हाय, तिला कुणापाशी ठिवू?" उचल म्हणजे आगाऊ पैसे; ते घेतले की पुन्हा ऊसतोडीला जायचं. मला उत्तर देता आलं नाही.

रस्ता मोकळा हवाच. माझ्याच शाळेची पोरं तिथून जीव मुठीत धरून चालतात. पण 2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो, आधी सर्वेक्षण, मग विक्री प्रमाणपत्रं; ती मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. उठवायचं तर 30 दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी परत. (मेथी संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरातच सुकली.) इथं नोटिशीचा कागद कुणीच पाहिलेला नाही.

पोरीचं नाव शाळेतून कमी होऊ नये, एवढंच डोक्यात घोळतंय. उद्या अकराला अर्ज द्यायला पुन्हा जातोय. कुणाला सोबत यायचं असेल तर बसस्टँडसमोर भेटा.