वाघबारशीला भगताच्या अंगणात

डहाणू रोडला उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते. मित्र मोटारसायकल घेऊन उभाच होता. तो आश्रमशाळेत गणित शिकवतो, वारली आहे आणि त्याचे थोरले काका पाड्याचे भगत. आज अश्विन वद्य द्वादशी, वाघबारस. "काकांना काय ते विचार, पण पूजा झाल्यावर," एवढंच तो म्हणाला.

आमचं घर देव न मानणारं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वडील वर्षानुवर्षं सह्या गोळा करत हिंडले. २०१३ साली कायदा आला, पण तो डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. त्या दिवशी वडील कुणाशीच बोलले नाहीत. अशा घरातून मी भगताकडे निघालो होतो, आणि मला खरंच समजून घ्यायचं होतं.

वाघोबा पाड्याबाहेर, झाडाखाली. शेंदूर लावलेली शिळा, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघ इथून केव्हाच गेले, आता बिबटे आहेत. मान मात्र तोच. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात अभ्यासकांनी वाघोबाची १५० ठाणी नोंदवली आहेत. गुराख्यांनी नारळ फोडला, कोंबडं दिलं, मोहाची धार सोडली. कुणी हात जोडून डोळे मिटले नाहीत. शेजाऱ्याशी बोलावं तसं काका वाघोबाशी बोलत होते: गुरं रानात येणार, तू तुझ्या वाटेनं जा, आम्ही आमच्या.

दुपारी एक बाई तापलेलं पोर घेऊन आली. काका कुडाच्या भिंतीला टेकून बसले, पुढ्यात सूप, सुपात मूठभर तांदूळ. चिमटीनं दाणे उचलायचे, जोड्या लावायच्या, उरलेला दाणा बघायचा, पुन्हा मोडायचं. ओठांत नावं चालू: नारनदेव, हिरवा, हिमाय, कणसरी. मग खांदे थरथरले, आवाज घोगरा झाला. वारं आलं होतं. मी अगदी हाताच्या अंतरावर होतो. ते सोंग नव्हतं, एवढं मी सांगू शकतो. ते काय होतं, हे सांगायला माझ्याकडे शब्द नाही.

वारं उतरल्यावर ते पाणी प्यायले आणि बाईला म्हणाले, देवाचं एक देणं राहिलंय ते फेड, आणि पोराला आत्ताच दवाखान्यात ने. मित्रानं लगेच मोटारसायकल काढली.

मी विचारलं, "काका, तुमचा विश्वास नेमका कशावर?"

त्यांना प्रश्नच कळेना. मी दोनदा फिरवून विचारला. "विश्वास काय ठेवायचा?" ते म्हणाले. "रान त्याचं. दाणा तिचा. घ्यायच्या आधी विचारायचं."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिची कथा भगत घांगळी या तंतुवाद्यावर गातात. हळवं भात कापून झालं होतं, नवे तांदूळ घरात होते, पण तिला दाखवल्याशिवाय दाणा कुणाच्या तोंडात गेला नव्हता. मी आयुष्यभर देव आहे की नाही यावर भांडत आलो. या घरात तो वादच नव्हता. इथे विचारायचं होतं ते एवढंच, की घेण्याआधी परवानगी घेतली का.

तरी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. भुताळी, म्हणजे चेटकीण ठरवलेली बाई. काका गप्प झाले. संध्याकाळी मित्रानंच सांगितलं की त्याच्या आजीच्या बहिणीला भुताळी ठरवून पाड्याबाहेर काढलं होतं, आणि तेव्हाही कुणीतरी असेच दाणे पाहिले होते. त्या बाईपुढे कुठलीच श्रद्धा मला मोठी वाटत नाही. वडिलांनी गोळा केलेली प्रत्येक सही मला आजही मोलाची वाटते.

दिवस मावळताना पोराचा ताप उतरल्याचा निरोप आला. काकांनी मान हलवली आणि सुपातले तांदूळ गोळा करायला घेतले. एक दाणा सारवणाच्या भेगेत अडकला होता. नख घालून, बराच वेळ खटपट करून त्यांनी तो काढला, कपाळाला लावला आणि सुपात टाकला.