सोबत : आई

मला वाटलं मशेरी आहे. या एका वाक्यापायी हे सगळं लिहायला बसलेय.

आमच्या दवाखान्यातल्या डे-केअरला सोमवारी गर्दी असते. पोरं रविवारी खेळतात आणि सोमवारी सुजलेले गुडघे, कोपरं घेऊन येतात. हा पोरगा अकरा वर्षांचा, हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, सिव्हियर. म्हणजे फॅक्टर 8, रक्त गोठवणारं प्रथिन, एक टक्क्याच्याही खाली. दोन वर्षांचा असल्यापासून येतोय. उजवा कोपर धरून आला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "सिस्टर, आत मुंग्या आल्यात." सांध्याच्या आत रक्त उतरायला लागलं की सूज दिसायच्या आधी तो असा गरम लागतो, झिणझिणतो. पोरानं तेव्हाच ओळखलं आणि तेव्हाच फॅक्टर मिळालं तर सांधा वाचतो. आधी एक्स-रे काढून या म्हणणारे अजून आहेत. त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

वजन 32 किलो. वजन गुणिले हवे तेवढे टक्के गुणिले अर्धा, असा हिशोब. पन्नास टक्के वाढवायचे तर 800 युनिट. 500 ची एक आणि 250 ची एक, असे 750 दिले. फॅक्टरची बाटली हलवायची नसते, तळहातांत हळू फिरवायची. नवीन मुली खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवतात. या पोराची शीर डाव्या हाताच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला आहे. मला ती अंधारातही सापडेल. सुई काढली की पाच मिनिटं दाबून धरायचं, घड्याळ बघून.

ती पाच मिनिटं मोजताना पोराची आई बेसिनपाशी जाऊन थुंकून आली. पदर तोंडाला. थोड्या वेळानं परत गेली. तिसऱ्यांदा बेसिनमध्ये काळपट-लाल दिसलं तशी मी सगळ्यांसमोर बोलले, "अहो, दवाखान्यात तरी मशेरी लावू नका."

ती काही बोलली नाही. पोरगा म्हणाला, "मशेरी नाही सिस्टर. दाढ काढलीय तिनं. शुक्रवारी."

तोंड उघडायला लावलं. दाढेच्या जागी जांभळाएवढी गुठळी, लिबलिबीत, आणि तिच्या बुडातून रक्त झिरपत होतं. पदराचा काठ वाळून कडक झाला होता. पिशवीत दातांच्या दवाखान्यातली दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी : डायक्लोफेनॅक. वर तीन दिवस गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. म्हणजे जमलेलं रक्त रोज धुऊन काढायचं आणि प्लेटलेटचं काम गोळीनं अडवायचं.

हीच बाई नऊ वर्षं भेटेल त्या डॉक्टरला बजावत आलीय की याला ब्रुफेन नको, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, कमरेत इंजेक्शन तर अजिबात नको. शाळेत लस द्यायला आले तेव्हा वर्गात उभी राहिली होती, की बारीक सुईनं द्या आणि दहा मिनिटं दाबून धरा.

"दातांच्या डॉक्टरांना सांगितलं नाही का, घरात हिमोफिलिया आहे म्हणून?"

"आजार पोराला हाय. मला कुठं?"

हे तिला कुणी शिकवलं? आम्हीच. आईकडून मुलाला येतो, बायका फक्त वाहक असतात, त्यांना स्वतःला त्रास नसतो : दर 17 एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिनी माईक हातात घेऊन मीच हे बोललेय.

डॉक्टरांनी गुठळी काढून जागा साफ केली. जमलेली गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रानेक्सामिक ॲसिडची 500 मिलिग्रॅमची गोळी दहा मिली पाण्यात विरघळवली, गॉज त्यात भिजवून तिला वीस मिनिटं चावून धरायला दिलं. पोटातूनही त्याच गोळ्या, सात दिवस. गुळण्या बंद, थुंकणं बंद, चहा कोमट, पेज गार करून. हिमोग्लोबिन 6.8 आलं. दुपारपर्यंत झिरपणं थांबेना तेव्हा डॉक्टर म्हणाले फॅक्टर देऊ. स्टोअरमधून निरोप आला, "पेशंट नोंदणीकृत आहे का?" फ्रीज भरलेला, रक्त चालू, आणि प्रश्न नोंदणीचा. शेवटी डॉक्टर स्वतः खाली गेले आणि सही करून घेऊन आले. संध्याकाळी गॉज पांढरं निघालं.

रक्ताच्या पिशवीसाठी थांबलो होतो तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याशी तिच्याबद्दल बोलले. पाळी? नऊ-दहा दिवस, रात्री दोनदा उठून बदलावं लागतं. "बाईच्या जातीला चालायचंच की." बाळंतपण? दवाखान्यात ठीक होतं, घरी आल्यावर दहाव्या दिवसापासून जे सुरू झालं ते दीड महिना. हे तर पुस्तकात असतं तसं : गरोदरपणी फॅक्टर 8 आपोआप वाढतं, नंतर उतरतं आणि मग रक्त जायला लागतं. भाऊ होता, तो सहाव्या वर्षी बैलगाडीवरून पडून गेला, हे मात्र आमच्या फाइलीत होतं. अक्षर माझंच. मामा लिहिला, मुलगा लिहिला आणि मधली बाई सोडून दिली.

निळ्या टोपणाच्या नळीतला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला. फॅक्टर 8 : 22 टक्के. 5 ते 40 च्या मध्ये असेल तर बाईलाही नुसती वाहक म्हणायचं नाही, माइल्ड हिमोफिलियाच म्हणायचं, असं 2021 पासून जगभरच्या डॉक्टरांनी ठरवलंय. आमच्या भिंतीवरचं पोस्टर त्याच्याही आधीचं. मी ते काढलं. तिथं अजून चौकोनी डाग आहे.

रजिस्टरमध्ये नवीन पान उघडलं आणि नाव लिहायला थांबले. नऊ वर्षं प्रत्येक भेटीत लिहिलं होतं "सोबत : आई". नाव विचारावं लागलं.

या पोराला एक बहीण आहे, तेरा वर्षांची. तिच्यात हे येण्याची शक्यता अर्धी-अर्धी. मी वडिलांना फोन करून समजावलं, की एक नळी रक्त, बाकी काही नाही. आधी कळलं तर उद्या दाढ काढताना, पुढं बाळंतपणात तयारी ठेवता येते. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, तिचं लग्न करायचंय आम्हाला. सरकारी वहीत नाव नको." मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. आजार अंगात असतो, वहीत नसतो, हे मी त्यांना सांगू शकते. पण ती वही उद्या कोण कशी वाचेल याची हमी मी कुठून देऊ?

गेल्या सोमवारी ती पोराला घेऊन आली. कोपर बरा आहे, चेंडू फेकतोय. निघताना तिनं पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून टेबलावर उलगडलं. तारखांभोवती पेन्सिलनं बारीक गोल केले होते. मी म्हटलं, "तुमचे?" ती नाही म्हणाली.

मोजले. आठ.

पान तिनं घडी घालून परत ठेवलं आणि विचारलं, शनिवारी पोरीची शाळा अर्धा दिवस असते, तुमची ती नळी दुपारी घेतात का.

मी म्हटलं, घेतात. खरं तर आमचं कलेक्शन बाराला बंद होतं.