कृत्तिकांच्या दोन पाट्या

"मॅडम, परीक्षेत यातलं कुठलं लिहू?"

आठवीतली मुलगी. वहीत दोन आकडे टिपलेले: 385 आणि 440 प्रकाशवर्षं. दोन्ही आमच्याच तारांगणातले, कृत्तिका या तारकापुंजाच्या अंतराचे. एक पाटी जिन्याजवळ, दुसरी वर दालनात. आत येताना-जाताना हजारो लोकांनी त्या वाचल्या असतील, पण फरक पकडला तो हिनेच.

दोन खेळांमध्ये दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात एक सहल बाहेर काढायची, मुलं मोजायची आणि दुसरी आत घ्यायची. "चारशेच्या आसपास लिही," म्हणून मी मोकळी झाले. तिने दोन्ही आकडे खोडले. ते खोडणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खरं उत्तर मला पाठ आहे. 385 हा हिप्पार्कोस उपग्रहाचा आकडा, 1997 सालचा. उपग्रहाने मोजलंय म्हटल्यावर तो झटपट पाट्यांवर चढला. पण तो खरा मानला, तर कृत्तिकांमधले तारे असायला हवेत त्यापेक्षा मंद ठरत होते. वाद सुटायला मदत झाली अ‍ॅटलसची. पुंजक्याच्या कडेचा हा तारा साध्या डोळ्यांना एकच दिसतो, पण आहेत दोन, 291 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारणारे. त्यांच्या कक्षेची अर्धी लांबी आकाशात किती भरते? एका अंशाचे 3600 भाग केले की एक सेकंद कोन; त्याचेही हजार भाग केले, तर त्यातले साधारण तेरा. पणजीत धरलेलं अडीच सेंटीमीटरचं नाणं मुंबईतून केवढं दिसेल, तेवढी! एकट्या दुर्बिणीला हे झेपत नाही. एकमेकांपासून दूर ठेवलेल्या आरशांवरचा प्रकाश एकत्र आणून ही कक्षा मोजली.

पुढचं गणित कक्षांचे नियम मांडणाऱ्या केप्लरचं. फेरीचा काळ माहीत, ताऱ्यांच्या तेजावरून वस्तुमानाचा अंदाज. त्यावरून कक्षेची ती अर्धी लांबी खरोखर केवढी ते निघतं: पृथ्वी-सूर्य अंतराच्या जेमतेम पावणेदोन पट. एवढी मोठी कक्षा आकाशात इतकीच दिसते, तर ती आपल्यापासून किती दूर असेल? 2004 साली उत्तर छापून आलं, 434 ते 447 प्रकाशवर्षं. ते काढणाऱ्या तिघांपैकी एक श्रीनिवास कुलकर्णी, आपल्या कुरुंदवाडात जन्मलेले. पुढे गाइया उपग्रहाचं मोजमापही 440 च्या घरातच आलं.

एवढं सगळं त्या मुलीला दहा मिनिटांत सांगता आलं असतं. पण ती दहा मिनिटं मी मुलं मोजण्यातच घालवली.

जिन्याजवळची पाटी बदला, असा अर्ज मी पूर्वीच दोनदा दिला आहे. "चालतंय की, कोण वाचतं?" हे उत्तर मिळालं. लोक वाचत नाहीत असं धरून चालणाऱ्यांनी विज्ञानाच्या पाट्या लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी बुकिंगच्या वहीतून शाळेचा पत्ता काढला. मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. केप्लरच्या सूत्रासकट सगळं गणित दोन पानांवर मांडलं आणि पाकिटावर लिहिलं: 'आठवी, दोन आकडे टिपणारी मुलगी'.