हवा थंड आहे, पण येते भलतीकडून

जुन्या मोटारीचा एसी नीट चालत नाही अशी तक्रार मुंबईतल्या गॅरेजमध्ये नेली की पहिला सल्ला बहुधा गॅस भरण्याचा मिळतो, आणि माझ्या डिझेलवरच्या मर्सिडीज ३०० डीलाही तोच मिळाला. गाडीतली हवा मात्र चांगली थंड होती. ती मधल्या व्हेंटमधून चेहऱ्यावर येण्याऐवजी पुढच्या काचेवर जात होती, एवढीच अडचण होती. हवा किती थंड होते हा कॉम्प्रेसरचा आणि गॅसचा प्रश्न आहे, ती कोणत्या वाटेने बाहेर पडते हा झडपांचा. आणि १९७६ मध्ये बाजारात आलेल्या डब्ल्यू १२३ मालिकेतल्या या गाडीत त्या झडपा व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेतल्यावर पडणाऱ्या कमी दाबावर, हलतात.

डॅशबोर्डच्या आत प्रत्येक झडपेला प्लॅस्टिकची एक चपटी डबी जोडलेली असते आणि डबीत रबराचा पडदा असतो. बारीक नळीतून डबीतली हवा ओढली गेली की पडदा आत खेचला जातो आणि त्याला जोडलेला दांडा झडप फिरवतो. व्हॅक्यूम सुटला की झडप आपल्या मूळ जागी परतते. पेट्रोलच्या इंजिनात हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांमधून, आयता मिळतो. डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल नसल्यामुळे त्यासाठी इंजिनवर चालणारा वेगळा पंप द्यावा लागतो, आणि ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा बूस्टर, दारांची कुलुपे, इंजिन बंद करण्याची यंत्रणा आणि एसीच्या झडपा अशी सगळी मंडळी त्या एकाच पंपावर पोसली जातात. म्हणूनच चावी फिरवून बंद केल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहत असेल, तर एसीचा दोष शोधताना ते लक्षण विसरू नये. दोन्हींचे मूळ एकाच गळतीत असू शकते.

व्हॅक्यूम गेल्यावर हवा काचेकडे वळावी ही योजना थंड देशांसाठी शहाणपणाची आहे, कारण तिथे काच धुकटली तर रस्ताच दिसत नाही. मुंबईच्या जुलैमध्ये मात्र थंड हवेचा झोत सतत काचेवर पडला की काच बाहेरून धुकटते, कारण बाहेरची दमट हवा त्या गार काचेवर पाणी सोडते. वायपर फिरवला की ते पुसले जाते आणि थोड्याच वेळात पुन्हा जमते. त्यातच आतलीच हवा पुन्हा फिरवणारी झडप बंद पडली असेल, तर एसीला बाहेरची ओलसर, गरम हवा अखंड थंड करत बसावे लागते आणि दुपारी सायनच्या वाहतूककोंडीत तो हरतो. गॅस कमी असल्याचा समज इथूनच होत असावा.

डॅशबोर्ड उघडण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. चाळीस वर्षे उन्हात तापलेले प्लॅस्टिक हात लावताच तडकते आणि त्याचा भाग मिळवण्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चकरा माराव्या लागतात. त्याऐवजी गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप घ्यावा. आधी इंजिन सुरू ठेवून पंपाजवळचा व्हॅक्यूम मोजावा. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांएवढा असतो, त्यामुळे त्यापलीकडे कोणताच पंप जाऊ शकत नाही, आणि २० इंचांच्या आसपास किंवा वर काटा स्थिर राहिला तर पंपाची चिंता सोडावी. मग ब्रेकच्या जाड नळीवरून फुटणाऱ्या बारीक नळ्या एकेक करून रबरी टोपीने बंद कराव्यात. ज्या नळीला टोपी लावल्यावर काटा वर चढतो, गळती त्या वाटेवर आहे. ब्रेकच्या जाड नळीला मात्र अशी टोपी कधीही लावून गाडी हलवू नये.

एसीच्या वाटेवर आल्यावर प्रत्येक डबीला हातपंप जोडून हवा ओढायची आणि काटा मिनिटभर टिकतो का ते पाहायचे. माझ्या गाडीत मधल्या व्हेंटच्या डबीचा पडदा फाटलेला निघाला, काटा क्षणभरही टिकला नाही. अशा पडद्यावर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावणारे कारागीर मी पाहिले आहेत; हातचलाखी कौतुकाची असली तरी ठिगळाने पडदा जाड होतो, पुरता वळत नाही आणि झडप अर्धवट उघडते. डबीच नवी घालावी. नळ्यांच्या सांध्यांवरची रबरी बूचेही त्याच वेळी बदलावीत आणि ती चढवताना साधे ग्रीस टाळावे, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून सैल पडते. सिलिकॉन ग्रीस चालते.

नवी डबी लावूनही हवा कोमट लागली तर दोष व्हॅक्यूमचा नसून हीटरच्या पाण्याचा असू शकतो. ते पाणी अडवणारा मोनोव्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि वीज नसताना उघडा राहतो. त्याच्या आतला पडदा फाटला की इंजिनचे गरम पाणी हीटरमध्ये शिरते आणि एसीने कमावलेली थंडाई तिथेच संपते. मुंबईत हीटर कोणी लावत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

माझ्याकडे एवढे करूनही काटा थोडा उतरतच होता. शेवटची गळती एसीच्या वाटेवर नव्हतीच. डिझेलच्या टाकीचे झाकण कुलूपबंद करणाऱ्या डबीत ती होती. तिच्या नळ्यांना मी टोप्या लावल्या. झाकण आता कुलूपबंद होत नाही, आणि सोसायटीच्या वॉचमनला तेवढे सांगून ठेवले आहे.