रात्रीत आकसलेल्या गोधड्या

अंबाजोगाईत शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान चालवताना मला 22 वर्षे झाली. सुई तुटते, टाका सुटतो, दाते कापड ओढत नाहीत, अशा तक्रारी घेऊन रोज माणसे येतात. पण बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याचे छोटे रीळ, भरण्याच्या वाइंडरसाठी कोणी मुद्दाम दुकानाची पायरी चढल्याचे मला आठवत नाही. वाइंडर बिघडला तर लोक हाताने दोरा गुंडाळतात किंवा शेजारच्या मशीनवर बॉबीन भरून आणतात. मीही त्या एवढ्याशा चाकाकडे त्याच नजरेने पाहत आलो होतो, आणि म्हणूनच यंदाच्या दसऱ्याआधी धारूर तालुक्यातल्या एका गावात जे घडले ते माझ्या मनातून जात नाही.

ते गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे आणि तिथली निम्मी घरे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. थंडीचे सगळे महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत काढायचे असल्यामुळे निघण्याआधी प्रत्येक घराला दोन-तीन जाड गोधड्या लागतात. गावातल्या बचत गटाने हे काम अंगावर घेतले होते. गटाकडे पायाने चालणाऱ्या 9 काळ्या मशीन होत्या आणि श्रावणात त्यांना मोटरी मीच बसवून दिल्या होत्या. 5 फूट रुंद आणि 7 फूट लांब गोधडीवर एकेक इंचावर उभ्या टिपा घातल्या की एका गोधडीत जवळपास 130 मीटर टीप पडते. जुन्या लुगड्यांच्या थरांमुळे दोरा त्याहूनही जास्त लागतो आणि बॉबीन मागून बॉबीन रिकामी होते. त्यामुळे गोधडीच्या कामात वाइंडरला दिवसभर उसंत नसते, हे त्या बायकांना माहीत होते. मी मात्र कधी ध्यानात घेतले नव्हते.

गटाच्या अध्यक्षबाईंची तक्रार अशी होती की गोधडी संध्याकाळी मशीनवरून उतरते तेव्हा सपाट असते आणि सकाळी घडी उघडली की तिच्यावर चुण्याच चुण्या दिसतात. पहिल्या खेपेला मी वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला, 14 नंबरच्या सुया काढून 18 नंबरच्या घातल्या, टाका लांब केला आणि कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी केला. समोर शिवलेली गोधडी हात फिरवून पाहिली, एकही सुरकुती नव्हती, आणि मी समाधानाने परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत फोन आला की तीच गोधडी आकसली आहे आणि लांबीला दोन बोटे कमी भरते आहे. दुसऱ्या खेपेला मी सगळ्या बॉबीन केसचे, म्हणजे बॉबीन ज्या डबीत बसते तिचे, स्क्रू सैल केले. त्याने चुण्या थोड्या कमी झाल्या, पण टाका ढिला पडू लागला.

दरम्यान प्रत्येकाने आपापला निकाल देऊन टाकला होता. प्रशिक्षण द्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितले की खेड्यातल्या बायकांचा हात मोटरवर बसलेला नाही. दोरा विकणाऱ्याने जुन्या कापडाला दोष दिला. दुसऱ्या एका कारागिराने तर मशीनच मोडीत काढा म्हटले, आणि ते मशीन उघडूनही न पाहता म्हटले, याचा मला आजही संताप येतो. एकटी एक आजी, जिने हातशिलाईच्या वाकळी शिवण्यात जन्म घालवला होता, दुसऱ्या खेपेला माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लेकरा, दोरा त्या चाकावरच ताणायलाय. आधी ते बघ." मी तिला म्हणालो, "आजी, तिथं नुसता दोरा गुंडाळतात, टाका तिथं पडत नाही." ती काही बोलली नाही. माझ्या त्या वाक्याची मला फार खंत वाटते.

तिसऱ्या खेपेला मी दारातच थबकलो, कारण एक मुलगी वाइंडरच्या दांडीवरून भरलेली बॉबीन पकडीने ओढून काढत होती. बॉबीन दोन बोटांनी सहज निघायला हवी. मी ती हातात घेतली. प्लास्टिकच्या दोन्ही कडा बाहेर फुगल्या होत्या, मधले भोक आवळले गेले होते, आणि दोऱ्यावर नख दाबले तर दगडावर दाबल्यासारखे वाटत होते. चांगल्या भरलेल्या बॉबीनचा दोरा घट्ट असतो, पण नखाखाली किंचित दबतो. तिथे मला सगळे कळले आणि आजीचे शब्द आठवले.

हातचाक एकदा फिरले की त्याला टेकलेले वाइंडरचे रबरी चाक साधारण सहा फेरे घेते. पायाने मशीन मिनिटाला चार-पाचशे फेऱ्यांवर चालते. मोटरचे पेडल पूर्ण दाबले की ती हजाराच्या आसपास जाते आणि बॉबीन सहा हजारांच्या घरात फिरते. त्यात गटाने सुती दोरा सोडून पॉलिएस्टरचा घेतला होता, कारण तो स्वस्त पडतो आणि लवकर तुटत नाही. सुती दोरा फारसा लांबत नाही. पॉलिएस्टर वेगाने आणि ताणून भरला की लांबतो, तसाच बॉबीनवर अडकून राहतो, तसाच टाक्यात शिवला जातो आणि मोकळा झाल्यावर हळूहळू मूळ लांबीवर येताना कापडाला बरोबर ओढतो.

खात्री करण्यासाठी मी त्या रात्री गावातच राहिलो. एकाच गोधडीच्या कापडाच्या 24 इंचांच्या दोन पट्ट्या शिवल्या, एक त्यांच्या बॉबीनवर आणि दुसरी मी हाताने चाक फिरवून सावकाश भरलेल्या बॉबीनवर. सकाळी पहिली पट्टी अर्ध्या इंचाने आखूड आणि चुणलेली होती. दुसरी तशीच सपाट होती. मी दोन्ही पट्ट्या आधी आजीच्या मांडीवर नेऊन ठेवल्या.

मग नऊच्या नऊ वाइंडर उतरवले. मशीनच्या पाटावर दोऱ्याला ताण देणाऱ्या ज्या दोन छोट्या चकत्या असतात, त्यांच्यामध्ये दोऱ्याची लव दाबून नमद्यासारखी बसली होती. ती दुमडलेल्या कापडाने पुसून काढली. चकत्यांवरच्या स्प्रिंगचे नट इतके आवळलेले होते की दोरा हाताने ओढताना बोटाला कापत होता. ते नट श्रावणात मीच आवळले होते. मोटरच्या वेगावर बॉबीन ढिली भरते असे वाटून, काम पक्के करतो आहोत या समजुतीने, मी नऊही मशीनवर तेच केले होते. ते सगळे सैल केले आणि दोरा किंचित अडून पण न कापता सरकेल इतकाच ताण ठेवला.

रबरी रिंगा घासून चकचकीत आणि कडक झाल्या होत्या. त्या बदलल्या, दांडीच्या भोकात तेलाचा एकच थेंब सोडला आणि रबराला तेल लागले नाही याची काळजी घेतली, कारण तेलकट रबर घसरते आणि मग बॉबीन धक्के खात भरते. तीन मशीनवर दोरा बॉबीनच्या एका कडेला चढत होता, म्हणून तिथे चकत्यांची पट्टी रिकाम्या राहणाऱ्या बाजूकडे केसभर सरकवली; दोन कडांमध्ये दोरा समपातळीत बसेपर्यंत हे चार-पाच वेळा करावे लागते आणि त्यात घाई चालत नाही. दोरा कडेपासून दीड मिलिमीटर खाली असतानाच चाक आपोआप सुटावे असा खटका लावला. दुसऱ्या खेपेला मी सैल केलेले बॉबीन केसचे स्क्रू परत पाव फेरा आवळले. जुन्या उरलेल्या दोऱ्यावर नवा दोरा भरायचा नाही आणि बॉबीन भरताना पेडल अर्ध्यावरच ठेवायचे, हे बायकांना करून दाखवले.

त्यानंतरच्या गोधड्या सपाट राहिल्या. आधीच्या 11 गोधड्यांपैकी चार आम्ही उसवून पुन्हा शिवल्या, पण सात घरांचे ट्रॅक्टर दिवाळीआधीच निघून गेले आणि आकसलेल्या गोधड्या त्यांच्याबरोबर गेल्या. आता पौषाची थंडी आहे आणि कोपीत लेकरांच्या पायांना ती दोन बोटे कमी पडत असतील. गुढीपाडव्याच्या सुमारास ती माणसे परत आली की सातही गोधड्या माझ्या खर्चाने उसवून, सुती दोऱ्याने शिवून देण्याचे मी गटाला कबूल केले आहे. दोऱ्याची रिळे आणून ठेवली आहेत.