आमची वाटचाल : सिलिंडर भरण्यापासून जिना मोकळा करण्यापर्यंत

वडील सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर होते. भिंतीवरची आग विझवायची लाल सिलिंडरं तेव्हा भरायला पुण्याला जायची आणि महिना महिना परत यायची नाहीत. सुताच्या ढिगाऱ्यात काम करणाऱ्या माणसाला ती रिकामी खुंटी बघवत नव्हती. नोकरी सोडून त्यांनी साखर पेठेत एका खोलीत सिलिंडर भरायचं काम सुरू केलं. एक वजनकाटा, नायट्रोजनची एक टाकी आणि हाताशी आई. गिऱ्हाईक म्हणजे फक्त कारखानदार. राहत्या इमारतीतून कुणी येत नव्हतं आणि आम्हीही कधी गेलो नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा डिसेंबर 2008 मध्ये लागू झाला आणि आमचं काम बदललं. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी ठरली. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागू लागला. मी परवाना काढला. जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता या भागांत इमारती उठत होत्या, कामं मिळत गेली.

त्याच काळात आमच्या हातून एक चूक झाली. विजापूर रस्त्यावरच्या एका चार मजली इमारतीत बहुतेक सगळे भाडेकरू होते. पोरं खेळताना सिलिंडरच्या पिना ओढायची, पावडर जिनाभर व्हायची. मालकांनी तक्रार केली म्हणून आमच्या माणसानं सगळ्या पिना बाइंडिंगच्या तारेनं पक्क्या बांधून टाकल्या. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. चारेक महिन्यांनी पहाटे जिन्याखालचे मीटर पेटले. पहिल्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा सिलिंडर घेऊन धावला. तार सोडवता सोडवता त्याची बोटं कापली, पण पिन निघाली नाही. तोवर धूर जिन्यातून वर चढला. लोक गच्चीकडे पळाले, तर गच्चीला कुलूप आणि किल्ली मालकांच्या घरी. शेजारच्यांनी लोखंडी पहार आणून कुलूप तोडलं म्हणून सगळे वाचले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची पट्टी बांधलेली बोटं पाहिली. त्या आठवड्यात आम्ही शहरातलं आमचं प्रत्येक सिलिंडर तपासलं आणि जिथे जिथे तार होती तिथे हातानं झटका दिला की तुटणारं प्लॅस्टिकचं सील लावलं. ही चूक आमची होती, म्हणून त्याचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून फक्त सिलिंडरवरच्या दाबाच्या काट्याकडे बघून आम्ही दाखल्यावर सही करत नाही. काटा हिरव्यात असला तरी आतली पावडर बसलेली असू शकते, म्हणून सिलिंडर उलटं करून हलवून बघतो. गच्चीवरच्या टाकीत स्वतः वाकून बघतो. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आगीसाठी राखलेलं पाणी पिंपात, बादलीत कधी संपतं ते कळत नाही. त्यासाठी घरवापराची नळी टाकीत वरच्या अंगाला जोडा, तळाचं पाणी आपोआप शिल्लक राहतं, असं आम्ही सांगतो. “तुम्ही फक्त कागद द्या, बाकी आम्ही बघतो,” म्हणणारी कामं सोडली. त्यात एक मोठा बिल्डरही गेला. ते वर्ष घरात ओढाताणीचं गेलं.

18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जण गेले. मालकाचं आणि कामगाराचं कुटुंब तिथेच राहत होतं. त्या बातमीनंतर आमचा फोन दिवसभर वाजत होता. पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड, त्यातली एखादी खोली भाड्यानं, अशी घरं किती आहेत ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. अशा घरांत आम्ही आधी जिना बघतो. जिन्यात सुताची पोती असतील तर आधी ती हलवायला सांगतो, सिलिंडरचं नंतर बोलतो.

भाडेकरू म्हणतो मालकांचं काम, मालक म्हणतात राहणाऱ्याचं. म्हणून आता फेरीला गेलो की प्रत्येक बिऱ्हाडातल्या एकाला खाली बोलावतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, जी भाषा घरात चालते तीत समजावतो : मेन स्विच कुठे, अग्निशमन दलाच्या 101 वर पत्ता कसा सांगायचा, धूर असेल तर वाकून चालायचं. एका सिलिंडरची पिन त्यांच्याकडूनच ओढून घेतो. पावडर वीसेक सेकंदांत संपते, त्यामुळे फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारायचा, हे हातानं केल्यावरच लक्षात राहतं.

विजापूर रस्त्याच्या त्या इमारतीचं काम अजून आमच्याकडेच आहे. गच्चीच्या दाराला आता आतून कडी आहे, कुलूप नाही. दर जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, मी तिथे स्वतः जातो, चार मजले चढतो आणि ती कडी काढून बघतो.