मग तू डॉक्टर नाहीस, तर कोण आहेस?

मुलीला ह्युमन बायोलॉजीच्या बीएस्सीला घालू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हल्ली मी वरचा प्रश्न हसण्यावारी नेते. ह्युमन बायोलॉजीत बीएस्सी केलीस म्हणजे नक्की कोण झालीस? सांगलीत याचं उत्तर देणं जास्तच अवघड, कारण शेजारीच मिरज, आणि मिरज म्हणजे दवाखाने, मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉनलेस साहेबांच्या काळापासून पार कर्नाटकातनं पेशंट येतात तिथं. त्यामुळं शरीराचं शिकलीय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मिरजेत कुठं बसतेस?

कुठंच बसत नाही ओ. एमबीबीएसची प्रवेश परीक्षा, नीट, दोनदा दिली, 720 पैकी चारशेच्या वर गेले पण सरकारी सीटला ते पुरेनात, आणि प्रायव्हेट एमबीबीएसची फी ऐकून पप्पा गप्पच बसले (ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, आकडा ऐकून गप्प बसणारा माणूस नाही). मग पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक हाती लागलं. वर फोटो, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. फी वर्षाला एक लाख चाळीस हजार, होस्टेल वेगळं. तीन वर्षांत स्टेथोस्कोप हातात आला तो बीपीच्या प्रॅक्टिकलला, तोही चौघींत एक, आणि 'हॉस्पिटल एक्सपोजर' म्हणजे एकदा बसमधनं नेऊन आणलं. याचा राग अजून आहे.

पण शिकले त्याचा राग नाही. पहिल्या वर्षी ब्लड ग्रुपचं प्रॅक्टिकल होतं, आपलंच बोट टोचायचं, काचेवर रक्ताचे तीन थेंब, एकावर अँटी-ए नावाचं निळं द्रावण, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी, तिसऱ्यावर पाण्यासारखं अँटी-डी, आणि टूथपिकनं ढवळायचं. माझे पहिले दोन थेंब गुळगुळीतच राहिले, तिसऱ्यात बारीक रव्यासारखे कण झाले, म्हणजे ए नाही, बी नाही, डी आहे. ओ पॉझिटिव्ह. गणपतीला घरी आल्यावर सांगितलं तर आत्या म्हणाली, आई ए, बाप बी, मग तू कुणावर गेलीस गं? मी लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला चौकट काढून दाखवली, दोघांकडं एकेक ओ लपलेला असला की चारांत एक पोरगं ओ निघू शकतं. आत्यानं पत्रिका उलटी करून लग्न कुणाचं ते बघितलं.

मॅडमनी त्याच तासाला बॉम्बे ग्रुप सांगितला होता. ए आणि बी ज्या पायावर चढतात तो एच नावाचा अँटिजेनच (लाल पेशीवरची खूण) काही माणसांत नसतो, मग काचेवर रक्त ओसारखंच दिसतं, पण त्यांना ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जगापुढं आणलं, आपल्याकडं साधारण दहा हजारांत एक. त्या दिवसापासनं कुठलाही रिपोर्ट बघितला की माझ्या डोक्यात येतं, हे दिसतंय तसंच आहे का?

आता आत्या दर तीन महिन्यांनी तिचा शुगरचा रिपोर्ट आणते. परवा एचबीए1सी 8.1. चार दिवस जिलेबी सोडली होती की, म्हणाली. मी सांगितलं, लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, तोवर रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत राहते, हा आकडा दोन-तीन महिन्यांचा हिशोब आहे, चार दिवसांनी तो फसत नाही. बरं मग गोळी वाढवू का? ते डॉक्टरांना विचार. मग एवढे पैसे घालून शिकलीस काय?

तर काय शिकले ते हे. का होतं ते सांगता येतं, औषध देता येत नाही. लॅबमध्ये काम करायचं तर डीएमएलटी हा डिप्लोमा वेगळा, फिजिओथेरपीला बीपीटी ही डिग्री वेगळी, नुसत्या बीएस्सीवर मला कॉल सेंटरचा फोन आला होता, खोटं कशाला बोलू. एमएस्सी केली, आणि ज्या बायोस्टॅटला, म्हणजे संख्याशास्त्राच्या तासाला, सगळ्याजणी झोपायच्या त्याच्याच जोरावर आज मिरजेत औषधांच्या ट्रायलचं काम बघते, पेशंटची संमती, व्हिजिट, डेटा. म्हणजे एका अर्थानं बसते मी मिरजेत.

तुमच्या मुलीचं विचाराल तर, एमबीबीएस हुकलं म्हणून 'त्यातलंच काहीतरी' म्हणून घालणार असाल तर नका घालू, तीन वर्षं शेजारच्या पांढऱ्या कोटांकडं बघत कुढेल. आणि फीचा आकडा लेखी घ्या, परीक्षा फी, लॅब फी धरून. माझे पहिल्या वर्षाचे प्रॅक्टिकलचे जर्नल अजून आहेत माळ्यावर. रविवारी पाठवा तिला घरी, जर्नल चाळू दे. टाइमटेबल विचारत बसली तर राहू दे, बोट टोचून बघू म्हणाली तर बोलू पुढचं.